डावीकडचा टाळकरी

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या रतिलाल पाटलाला कीर्तनात कोणी नावानं ओळखत नसे, जागेनं ओळखत. सुपडू महाराज कीर्तनाला उभे राहिले की त्यांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, टाळ छातीशी धरून डोळे मिटून उभा असलेला उंच माणूस, तो रतिलाल. केळीत पाणी भरताना तो चारचौघांसारखाच शेतकरी. पण एकदा बुक्का लागला आणि मृदंगावर थाप पडली, की त्याच्या गळ्यातून ध्रुपद असं वर जायचं की घाटावरच्या देवळात झोपलेली कबुतरंसुद्धा जागी व्हावीत.

ज्यांनी मांडी घालून कीर्तनं ऐकली आहेत त्यांना हे सांगायला नको. कीर्तनकार कधी एकटा नसतो. समोर देव, पायाशी श्रोते आणि पाठीशी टाळकरी, अशा प्रेमाच्या वेढ्यात तो उभा असतो. त्यानं चरण म्हटला की टाळकऱ्यांनी ध्रुपद, म्हणजे टेकाची पहिली ओळ, उचलायचं, पुन्हा पुन्हा घोळवायचं, तेवढ्यात त्यानं घाम पुसायचा, दम घ्यायचा, पुढचा चरण मनात जुळवायचा. त्या गजरात किती गोष्टी झाकल्या जातात, देवालाच ठाऊक.

गेली दोन वर्षं त्या गजरात एक गोष्ट झाकली जात होती. सुपडू महाराज विसरत होते.

घरी तर फारच. जेवले की नाही, शेतावर कोण गेलंय, थोरली मुलगी सुरतेला दिली की अंकलेश्वरला, सगळ्याचा गोंधळ. कीर्तनाला उभे राहिले की मात्र बरेचसे पूर्वीसारखे. बरेचसे, पूर्ण नाही. मधेच एखादा चरण हातातल्या माशासारखा निसटायचा. मग ते डावा हात वर करायचे आणि मान डावीकडे वळवायचे. तेवढी खूण रतिलालला पुरे. तो ध्रुपद उचलायचा, मागचे दहा-बारा टाळकरी तुटून पडायचे, लखन मृदंग्या दुगण लावायचा, आणि त्या कल्लोळात रतिलाल नाचता नाचता महाराजांच्या कानाशी वाकून पुढचा शब्द सांगायचा. नुसता एक शब्द. तो मिळाला की महाराजांचा चेहरा उजळायचा, चरण सगळाच्या सगळा मागोमाग यायचा. लोक माना डोलवायचे. म्हणायचे, "आज महाराज काय रंगले हो!"

हे दोघांनाच माहीत होतं. रतिलालला, आणि महाराजांच्या बायकोला, जसोदाबाईला. तिनं एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या सांगितलं होतं, "भाऊ, यांचं उभं राहणं सुटलं ना, की मग काही उरणार नाही. तोवर धरून ठेवा."

धरून ठेवणं सोपं नव्हतं. सप्ताह कमिटीचे अंबालालभाई गेल्या वर्षापासून कुजबुजत होते, की काल्याचं कीर्तन आता एखाद्या नव्या दमाच्या महाराजाला द्यावं, सुपडूभाऊंचं वय झालं. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. पस्तीसेक वर्षं ते सुपडू महाराजांचंच. रतिलाल कमिटीसमोर दरवेळी ठाम उभा राहायचा, "काय चुकलं ते दाखवा, मग बोला." दाखवायला कोणाकडे काही नव्हतं. ध्रुपदाखाली सगळं झाकलेलं होतं.

अशात ती पोरगी आली. दामिनी.

शहाद्याच्या स्थानिक केबलवर रोज सकाळी 'राम राम शहादा' लागतो. बातम्या, बाजारभाव, लाईट कुठं जाणार, कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता आणि मग खुर्चीवर एखादा पाहुणा. आसपासच्या गावांत चहाबरोबर हाच कार्यक्रम. दामिनी तो सादर करायची. घाटाचं चित्रीकरण करायला आली, देवळात एकादशीचं कीर्तन ऐकलं आणि डोळे पुसत रतिलालकडे आली.

"काका, महाराजांना आमच्याकडे आणा ना. अर्धा तास. लाईव्ह. सुरतेपर्यंत लोक मोबाईलवर बघतात."

रतिलालनं टाळ पिशवीत ठेवले. मग मनात म्हणाला, मी आहे ना डाव्या अंगाला. आणि खरं सांगायचं तर त्याला हेही वाटलं, की एकदा टीव्हीवर महाराज असे रंगले की अंबालालभाईंचं तोंड कायमचं बंद होईल.

"आणतो," तो म्हणाला.

दामिनीनं महाराजांना बोलावलं होतं. रतिलालनं ऐकलं ते असं, की फडाला बोलावलं. महाराजांना आवतण आलं म्हणजे टाळ, मृदंग, वीणा सगळ्यांना आलं, हे काय कोणी सांगायची गोष्ट आहे? नवरदेवाला बोलावून वऱ्हाड दाराबाहेर कोण ठेवतो? त्यानं विचारलंच नाही. तिनंही सांगितलं नाही, तिच्या धंद्यात पाहुणा एकच असतो.

ठरलेल्या दिवशी सकाळी गावातून छोटा हत्ती टेम्पो निघाला. मागे अकरा टाळकरी, मृदंग पोटाशी धरलेला लखन, पुढे ड्रायव्हरशेजारी महाराज. नवं पागोटं, इस्त्रीचं उपरणं, कपाळी गोपीचंदन. जसोदाबाई गाडीपाशी आली आणि रतिलालला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भाऊ, त्यासले एकलं सोडू नका बरं."

"वहिनी, मी काय आज पहिल्यांदा जातोय का?"

"टीव्ही शे म्हणून सांगस."

गाडीत लखनचं वेगळंच चाललं होतं. तो सगळ्यांना विचारत होता, "मन्ही टोपी दिसी का रे टीव्हीवर?"

"टोपी दिसी, पण पोट मावी का?" एकानं म्हटलं, आणि गाडीभर हसू सांडलं. महाराजही पुढून वळून हसले. सकाळ कशी निर्मळ होती.

केबलचं ऑफिस बाजारपेठेत, मदनलाल शेठजींच्या कापडाच्या दुकानावर. जिना अरुंद. फड वर चढला तेव्हा पायऱ्यांवर चपलांची रांग दुकानाच्या शटरपर्यंत आली. वर एक बाहेरची खोली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही. समोर दार, दारावर लाल दिवा, शेजारी मोठी काच. काचेपलीकडे स्टुडिओ. स्टुडिओ कसला, दोन खाटा टाकल्या तर तिसऱ्याला उभं राहायला जागा नाही एवढी खोली. मागे उगवत्या सूर्याचं आणि केळीच्या बागेचं फ्लेक्स, पुढे दोन खुर्च्या, एक कॅमेरा, डोळे दिपतील असे दिवे. दामिनी आत बसून बातम्या वाचत होती. सारंगखेड्याच्या रस्त्यावर केळीचा ट्रक उलटला, कोणत्या भागात दुपारपर्यंत लाईट नाही, कापसाचा भाव. मग आवाज खाली आणून एका आजोबांचा हार घातलेला फोटो आणि राहत्या घराचा पत्ता.

शेठजींचा मुलगा पारस चॅनल चालवायचा. तो एवढा जमाव बघून जागच्या जागी थिजला.

"अरे काका, हे काय? अख्खं गाव आणलं?"

"फड आहे महाराजांचा," रतिलाल म्हणाला.

"पण आत दोनच खुर्च्या बसतात. एक दामिनीची, एक महाराजांची. बाकी सगळे इथं बसा, टीव्ही आहे ना, चहा मागवतो."

रतिलाल काचेजवळ गेला, आतल्या दोन खुर्च्या त्यानं स्वतः मोजल्या.

"बरं. ते राहू द्या. मी एकटा जातो त्यांच्याबरोबर."

"फ्रेममध्ये तिसरा माणूस येत नाही, काका."

"फ्रेममध्ये नाही येत. मी खाली बसतो. जमिनीवर. त्यांच्या डाव्या अंगाला."

"डावीकडे लाईटचा स्टँड आहे. वायरी आहेत. कोणाचा पाय लागला तर लाईव्ह बंद पडेल. आणि काका, माईक इतके तेज आहेत की तुमचा श्वाससुद्धा ऐकू जाईल. हा स्टुडिओ आहे, मंडप नाही."

बोलणं पारसचं खोटं नव्हतं आणि वागणंही वाईट नव्हतं. त्यानं लगेच खाली हाक मारून चौदा चहा सांगितले. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. रतिलालनं एवढंच म्हणायचं होतं, 'भाऊ, ते विसरतात.' पण महाराज तिथंच उभे होते. उपरण्याच्या घड्या सारखे करत, लग्नघरच्या माणसासारखे हसत. आणि मागे सगळा फड. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षं घसा फोडला, ती त्याच तोंडानं इथं सांगायची?



महाराजांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे ना रत्या. माले बठ्ठं याद शे."

पोरगं परीक्षेला जाताना 'सगळं पाठ आहे' असं आईला म्हणतं तसं म्हणाले आणि आत गेले.

जाहिराती लागल्या तेवढ्यात दामिनी पाणी प्यायला दारात आली. रतिलालनं तिला गाठलं. "ताई, एक करशील? त्यांना गायला सांगू नको. नुसतं बोलू दे. बोलतात छान."

"का काका? गाण्यासाठी तर लोक बघतायत."

"घसा... घसा बसलाय जरा."

"बरं, नाही सांगणार," ती म्हणाली. तिचा चेहरा सरळ होता. मग दार लागलं, लाल दिवा पेटला.

पहिला पाव तास देवानं सांभाळला. दामिनीनं विचारलं ते सगळं जुनं होतं आणि जुनं महाराजांना लख्ख आठवत होतं. वडिलांनी शाळेतून काढलं ते, गुरूंच्या घरी पाणी भरलं ते, तापी भरलेली असताना पलीकडच्या गावच्या कीर्तनाला नावेतून गेले आणि मधे दोर तुटला ते. "नावाडी म्हणे, महाराज, देवाला हाक मारा. मी म्हटलं, बाबा, मी हाक मारतो, तू वल्हं मार!" दामिनी खळखळून हसली. बाहेर फड हसला. लखननं मांडीवर थाप मारली. टीव्हीवर महाराज कसे दिसत होते म्हणून सांगू, उगवत्या सूर्याच्या त्या चित्रापुढे दुसरा सूर्यच जणू. रतिलालनं पहिल्यांदा चहाचा घोट घेतला. टीव्हीच्या तळाशी फोन नंबर सरकत होता. 'आपले प्रश्न विचारा.' तो त्यानं नुसता पाहिला.

"आपल्याबरोबर एक प्रेक्षक आहेत," दामिनी म्हणाली. "नमस्कार, कोण बोलतंय?"

"मैं सायरबाई बोलते, खापरहून," स्टुडिओतल्या स्पीकरच्या पेटीतून म्हातारा, मायाळू आवाज आला. "महाराज, जय जिनेंद्र. आमच्या दुकानापुढे तुमचा कीर्तन झाला होता, खूप वर्षं झाले. आम्ही जैन लोक, पण मी ओट्यावर बसून पूरा ऐकला. ते नावेचा गाणा तुम्ही म्हटले होते. तो एक बार म्हणा ना. आता माझं वय झालं, पुन्हा कधी ऐकणार."

दामिनीनं काचेकडे पाहिलं. तिला रतिलालचा शब्द आठवला असावा. ती म्हणाली, "आजी, महाराजांचा घसा जरा..."

"कोण म्हणतं घसा बसला?" महाराज म्हणाले. "आई मागते आणि देऊ नको?"

ते पद महाराजांचं स्वतःचं. त्या तुटलेल्या दोराच्या दिवशी सुचलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला.

*दोर सोडू नको देवा, नाव काठाला लागेना...*

आवाज थकलेला होता, पण त्यात जो ओलावा होता तो तरण्या गळ्यात कुठून यायचा? पारसनंसुद्धा हातातला मोबाईल खाली ठेवला. महाराजांनी पहिला चरण म्हटला.

*चढे पाणी, लोपे दिशा, हाक कोणाला पुरेना...*

आणि पुन्हा ध्रुपद. एकट्यानं. उचलायला कोणी नाही, घोळवायला कोणी नाही. दम घ्यायला जागा नाही.

मग त्यांनी डावा हात वर केला आणि मान डावीकडे वळवली.

डावीकडे लाईटचा स्टँड होता.

दामिनीला वाटलं, हा गाण्यातलाच भाव. ती हात जोडून, प्रसन्न चेहऱ्यानं वाट बघत राहिली. महाराजांनी पुन्हा ध्रुपद म्हटलं. पुन्हा हात वर. पुन्हा तीच ओळ, जरा कमी आवाजात. हात खाली आलाच नाही, तसाच हवेत राहिला.

बाहेर रतिलाल केव्हाच उभा राहिला होता. त्याच्या गळ्याला परवानगी विचारायची सवय नव्हती. हात वर झाला की गळा उघडायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं काचेला हात टेकून ध्रुपद उचललं आणि फडानं, काही न समजता, सवयीनं त्याच्यामागे झेप घेतली. टाळ वाजले, लखनची थाप पडली. एवढीशी खोली दणाणली.

"शूऽऽ! काका! लाईव्ह आहे!" पारस दोन्ही हात पसरून धावला.

"आत जातोय का आवाज? सांग ना, जातोय का?"

"नाही जात! जाऊ नये म्हणून तर ती काच बसवली!"

महाराज काचेकडेही बघत होते. पण आत झगझगीत उजेड आणि बाहेर अंधारी खोली, त्यांना काचेत दिसत होतं ते स्वतःचंच पागोटं. रतिलाल दाराकडे गेला. पारसनं त्याचा दंड धरला, रागानं नव्हे, काकुळतीनं. "काका, पाया पडतो. मी जाहिरात लावायला सांगतो, एक मिनिट द्या, कॉम्प्युटरवाला खाली गेलाय..."

तेवढ्यात रतिलालची नजर टीव्हीवर गेली. तळाशी नंबर सरकत होता.

त्यानं फोन काढला. लावला, लाईन बिझी. पुन्हा लावला, बिझी. अख्खा तालुका त्या क्षणी महाराजांशी बोलायला बसला होता. तिसऱ्यांदा लावणार तोच फोन हातात वाजला. जसोदाबाई.

"भाऊ, तुम्ही कोठे शेतस? ते तुमले धुंडी ऱ्हायनात! गल्लीतल्या बाया सगळ्या बसल्या आहेत इथं, भाऊ, तुम्ही दिसत का नाही?"

"वहिनी, फोन ठेवा."

"त्यासना हात देखा, भाऊ..."

त्यानं तिचा फोन कापला. आयुष्यात त्यानं त्या बाईचं बोलणं कधी अर्ध्यात तोडलं नव्हतं. पुन्हा नंबर लावला आणि या खेपेला घंटी गेली.

"आपल्याबरोबर आणखी एक प्रेक्षक आहेत!" दामिनी घाईनं म्हणाली. तिलाही आता काहीतरी कळलं होतं, तिला कोणीतरी हवंच होतं. "नमस्कार, कुठून बोलताय?"

"मी..." रतिलाल म्हणाला, आणि पेटीतून, टीव्हीतून, फोनमधून, चोहीकडून 'मी, मी, मी' असा घुमारा उठला.

"काका, तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा."

लखननं उडी मारून भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद केला. रतिलालनं डोळे मिटले आणि फोन तोंडाशी धरून ध्रुपद उचललं.

*दोर सोडू नको देवा...*

आत काय झालं ते काचेतून दिसलं. महाराजांचा चेहरा असा उजळला, जत्रेत हरवलेल्या लेकराला ओळखीचा सदरा दिसावा तसा. त्यांनी सूर धरला. पण फोनमधला आवाज आत पोचायला पापणी लवण्याइतका उशीर होत होता आणि आतला बाहेर यायला तेवढाच. महाराज एका मात्रेवर, रतिलाल दुसऱ्या. महाराज थांबले, रत्या पुढे जाईल म्हणून. रतिलाल थांबला, महाराज पुढे जातील म्हणून. दोघं एकदम सुरू झाले, दोघं एकदम थांबले. अख्ख्या हयातीत त्या दोघांचा ताल कधी चुकला नव्हता.

मग महाराजांनी पुन्हा डावा हात वर केला. आता त्यांना ध्रुपद नको होतं. शब्द हवा होता.

रतिलालला शब्द माहीत होता. ओठावरच होता. पण तो शब्द त्यानं नेहमी टाळांच्या गजराखाली, कानाशी वाकून दिला होता. इथं गजर नव्हता. इथं तो बोलला, तर प्रकाशापासून खापरपर्यंत, सुरतेच्या मोबाईलपर्यंत, अंबालालभाईंच्या ओसरीपर्यंत प्रत्येकाला ऐकू जाणार. आणि नाही बोलला तर तो हात असाच वर राहणार, सगळ्यांच्या देखत.

त्यानं विठ्ठलाचं नाव घेतलं. मग एवढंच म्हणाला:

"वल्हे मारून..."

"वल्हे मारून," महाराज म्हणाले.

शाळेतलं पोर मास्तरमागे म्हणतं तसं. गाऊन नाही, म्हणून. आणि थांबले. नेहमी एका शब्दामागे सगळा चरण यायचा. आज आला नाही. गजराशिवाय येणार तरी कसा?

"थकले हात," रतिलाल म्हणाला.

"थकले हात," महाराज म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. आवाज छताजवळच्या पेटीतून येत होता. त्यांनी वर बघितलं. मग डावीकडे. "रत्या? कोठे शे तू?"

ते खुर्चीवरून उठले. छातीवरची माईकची वायर ताणली, टेबलावरचा पाण्याचा पेला कलंडला. केळीच्या बागेच्या फ्लेक्सची कड उचलून ते मागे डोकावले, रतिलाल त्या बागेत पाणी भरत असावा असे. "रत्या, ये ना रे, लोक बसेल शेतस..."

आणि टीव्हीवर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात लागली. आवाज बंद होता. हिरव्यागार शेतात एक जोडपं मुक्यानं नाचत होतं.

लाल दिवा विझला. दामिनी महाराजांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. तिचे डोळे भरलेले होते. "काका, मला सांगायचं होतं ना," ती हळू म्हणाली. "मी तुम्हाला माझ्या खुर्चीवर बसवलं असतं." फडातली अकरा माणसं हातातल्या टाळांकडे बघत होती. गेल्या दोन वर्षांतला एकेक गजर त्यांना आता आठवत असणार. पारस टोपलीभर माफी घेऊन उभा होता, पण ती कोणाला द्यायची ते त्याला समजत नव्हतं. चौदा चहा तसेच निवले होते.

महाराज मात्र सरळ रतिलालपाशी आले. रागावलेले नव्हते. नुसते चकित झालेले.

"तू कोठे व्हता रे? मी कितला डाव हात वर कया."

"मी आठेच व्हतू, महाराज," रतिलाल म्हणाला.

"मंग दिसना कसा नही?"

इथंच असून दिसलो का नाही, हे काचेकडे बोट दाखवून काय समजावणार? त्यानं महाराजांचं सरकलेलं पागोटं नीट केलं आणि हात धरून जिना उतरवला. खाली दुकानात मदनलाल शेठजी गादीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. नेहमीसारखे हसून 'राम राम महाराज' म्हणाले नाहीत. तेवढ्यावरून रतिलालनं ओळखलं, की खालीही टीव्ही चालू होता.

परतताना महाराज पुढे बसायला तयार होईनात. फडाबरोबर मागेच बसणार म्हणाले. लखननं स्वतःची पिशवी घातली त्यावर ते बसले, रतिलाल त्यांच्या डाव्या अंगाला. गाडी शहाद्याबाहेर पडली, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. महाराज एकेकाचं तोंड न्याहाळत होते, घरात कोणी गेल्यासारखे हे सगळे का बसलेत ते त्यांना उमजेना. मग त्यांनीच बोटांनी पत्र्यावर ताल धरला.

*दोर सोडू नको देवा...*

लखननं मृदंग मांडीवर ओढला. पहिला चरण झाला. रतिलालनं ध्रुपद उचललं, फडानं घोळवलं. दुसरा चरण महाराजांनी अडखळल्यावाचून म्हटला.

*वल्हे मारून थकले हात, तुझे नाव विसरेना...*

तिसरा म्हटला. चौथा म्हटला, स्वतःच्या नावासकट. एकही शब्द निसटला नाही. उसाशिवाय ऐकायला कोणी नव्हतं.

रतिलालच्या खिशात फोन थरथरू लागला. थांबला, पुन्हा थरथरला. जसोदाबाईचा नसणार, तिनं मघाशीच, हे सगळे गाडीत चढत असताना, फोन केला होता आणि नुसती रडली होती. त्यानं टाळ न थांबवता एका बोटानं खिसा वाकवून बघितलं. अंबालालभाई.

काल्याचं कीर्तन. सांगायला काय उरलं होतं? आज ना उद्या तो फोन उचलावा लागेल, आणि या वेळी 'काय चुकलं ते दाखवा' असं म्हणता येणार नाही. सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्याच आवाजात ऐकलं आहे.

महाराजांनी डावा हात वर केला आणि मान त्याच्याकडे वळवली. विसरले नव्हते. नुसतं बघत होते, तो आहे ना.

खिशात फोन थरथरत होता. रतिलालचे दोन्ही हात टाळांत गुंतलेले होते. त्यानं डोळे मिटले आणि ध्रुपद उचललं.